उखळीचा सांधा
(एस. वाय. बी. ए.)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी कविता दिल्या. मला कविता जमत नाही. मराठीच्या सरांना विचारले, तर ते म्हणाले, "जे तुला इतरांपेक्षा थोडे बरे माहीत असेल, त्यावर लिही." त्यावर घरी जाईपर्यंत विचार केला. इतिहास, राज्यशास्त्र यांत मला इतरांपेक्षा बरे माहीत असलेले काही सापडेना. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस आठवले. त्या तीन दिवसांत आम्ही घरच्या पिकअपच्या पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट घरीच बदलले. कला शाखेच्या अंकात हा विषय जरा विचित्रच दिसेल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी गाडी आहे, निदान अशा गाडीच्या केबिनमध्ये तर आपण सगळेच बसलेलो आहोत. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार होते. गुडघा, कोपर हे बिजागरीचे सांधे. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. उखळीत मुसळ जसे कोणत्याही बाजूला कलते, तसा हात खांद्यात सगळीकडे फिरतो. बॉल जॉइंट हा नेमका तसाच उखळीचा सांधा. पोलादाचा एक कडक गोळा. त्याला जोडलेला एक निमुळता दांडा. गोळा पोलादी वाटीत बसवलेला. वाटी आणि गोळा यांच्यामध्ये घसरट अस्तर आणि ग्रीस. आणि वर धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची टोपी, जिला गॅरेजात 'बूट' म्हणतात.

गाडीला याची गरज का पडते? मागचे चाक फक्त वर-खाली होते. पुढच्या चाकाला दोन कामे असतात. खड्ड्यात ते खाली गेले पाहिजे, उंचवट्यावर वर आले पाहिजे, आणि त्याच वेळी स्टिअरिंग फिरेल तसे डावीकडे-उजवीकडे वळलेही पाहिजे. बिजागरी हे करू शकत नाही. म्हणून आमच्या गाडीत प्रत्येक पुढच्या चाकापाशी वर एक आणि खाली एक असे दोन लोखंडी हात, म्हणजे 'आर्म', असतात, आणि त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. चाक ज्या भागावर बसते त्याला इंग्रजीत नकल म्हणतात, म्हणजे बोटाचे पेर. आमचे मिस्त्री पहिल्यांदा "नकल खराब हाय" म्हणाले, तेव्हा कुणी कुणाची नकल केली, हे मला बराच वेळ कळले नव्हते.

वरच्या आणि खालच्या सांध्यांत खालचा महत्त्वाचा. कारण मोठी स्प्रिंग खालच्या आर्मवर उभी असते. रस्ता चाकाला वर ढकलतो, स्प्रिंग आर्मला खाली ढकलते, आणि या दोघांच्या मध्ये हा लिंबाएवढा गोळा सापडतो. टोमॅटोचा एक क्रेट साधारण २० किलोचा. ६० क्रेट भरले की १२०० किलो झाले. त्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो हे खरे. पण इंजिन आणि केबिनमधली माणसे पुढेच असतात, आणि माळशेज घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचे वजन आपोआप पुढे येते. तेव्हा खालचा सांधा निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला कोलमडते आणि गाडी नाकावर बसते. स्टिअरिंग हातात राहते, पण ते फिरवून काहीच वळत नाही.

आमच्या गाडीत आवाज येऊ लागला तो गणपतीच्या सुमारास. गतिरोधकावरून जाताना डाव्या बाजूने 'टक्' असा एकच ठोका. तो प्रथम आईच्या लक्षात आला, कारण बाजाराला जाताना डाव्या बाजूला ती बसते आणि ठोका तिच्या पायाखाली वाजायचा. आण्णांनी (म्हणजे वडिलांनी) काही दिवस मनावर घेतले नाही. हंगाम चालू होता. नारायणगावला रोजची खेप, आणि भाव बरा असला की ओतूरवरून घाट उतरून कल्याण. पुढे पुढच्या टायरची आतली कड एकाच बाजूने खाल्लेली दिसू लागली, आणि सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढ घेऊ लागली.

दिवाळीत भोसरीहून मामा आले. मामा एका कारखान्यात फिटर आहेत. आवाज ऐकून त्यांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत, पहार मागितली. सांधा झिजला आहे की नाही हे पाहण्याची त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. जॅक गाडीच्या चेसिसखाली लावला तर आर्म खाली लोंबतो, स्प्रिंग त्या सांध्याला ताणून धरते आणि आतला ढिलेपणा लपतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखालीच, चाकाच्या जितका जवळ लावता येईल तितका लावायचा आणि चाक जमिनीपासून दोन-तीन बोटे उचलायचे. म्हणजे स्प्रिंगचा भार जॅकवर येतो आणि सांधा मोकळा होतो. मग टायरखाली पहार घालून चाक उचलल्यासारखे करायचे. एकाने पहार दाबायची, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात सांध्याकडे पाहायचे. चाक हलते आणि आर्म हलत नाही असे दिसले, की समजावे प्ले आला. चाक वर-खाली धरून हलवले तरी ढिलेपणा जाणवतो, पण तो चाकाच्या बेअरिंगचाही असू शकतो. त्यासाठी केबिनमध्ये एकाला ब्रेक दाबून बसवायचे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. तरीही हलतच राहिले तर सांध्याचा.

ब्रेकवर आई बसली होती. हलणे थांबले नाही. उजव्या बाजूलाही थोडा प्ले होता, डाव्या बाजूला जास्त. डाव्या सांध्यावर चिखलाचा थर होता. तो खरवडून आम्ही तेव्हाच पाहायला हवे होते. ते केले नाही.

गॅरेजला का गेलो नाही, हेही सांगतो. डावा सांधा दोन वर्षांपूर्वीच एका गॅरेजात बदललेला होता. आमच्या गाडीचा खालचा सांधा बोल्टने बसवलेला नाही, तो आर्मच्या भोकात दाबून बसवलेला असतो. त्या गॅरेजात मोठा घण घेऊन जुना सांधा ठोकून काढला आणि नवा ठोकून बसवला. अर्ध्या तासात काम झाले. आण्णा आणि मी त्या माणसाच्या झपाट्याचे कौतुक करत घरी आलो होतो.

मामा दुसऱ्या दिवशी भोसरीहून प्रेस घेऊन आले. इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची जाड पोलादी कमान, तिच्या एका टोकाला लांब आट्यांचा स्क्रू आणि वेगवेगळ्या मापांचे पाइपचे तुकडे, एवढेच ते हत्यार. पाने, जॅक, घोड्या आमच्याकडे होत्या.

काम उजव्या बाजूने सुरू केले. अंगणातली फरशी सपाट आहे, म्हणून गाडी तिथे घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले, कारण चाक अधांतरी झाल्यावर नटाऐवजी चाकच फिरते. मग गाडी उचलून चेसिसखाली घोडी लावली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालू नये, हे मामांनी इतक्या वेळा सांगितले की शेवटी आजीसुद्धा ओट्यावरून ते म्हणू लागली. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला. तो पाइपवर लोंबता ठेवला तर पाइप आतून चिरतो. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली टेकवला, आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चेसिसला बांधली. दाबलेली स्प्रिंग म्हणजे बांधलेला वळू, असे मामा म्हणाले. सांधा सुटल्यावर तिला धरून ठेवणारा तो जॅकच असतो.

सांध्याचा निमुळता दांडा नकलच्या निमुळत्या भोकात बसतो आणि वरून कंगोऱ्यांचा नट त्याला ओढून धरतो. नट सैल होऊ नये म्हणून त्यात स्प्लिट पिन. पिन काढली, नट तीन-चार आटे मागे घेतला, पण पूर्ण काढला नाही. मला वाटले होते, आता नट काढला की दांडा खाली पडेल. तो तसूभरही हलला नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर बसते तसा तो बसलेला असतो. दांड्यावर वरून ठोकायचे नाही; आटे चेपतात आणि गोळ्याला दणका बसतो. नकलच्या भोकाच्या बाहेरच्या अंगाला बाजूने ठोकायचे आणि समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून धरायचा. दोन-तीन ठोक्यांत भोक क्षणभर चेपल्यासारखे होते आणि दांड्याची पकड सुटते. सहाव्या की सातव्या ठोक्याला 'टण्' असा आवाज झाला आणि आर्म नटापर्यंत खाली येऊन थांबला. नट का ठेवला होता, ते तेव्हा कळले.

आता मुख्य भाग. दाबून बसवलेला सांधा भोकात राहतो कसा? त्याला बोल्ट नाही, आटे नाहीत. मामांनी व्हर्नियर लावून दाखवले. नव्या सांध्याचा बाहेरचा व्यास ४५.०६ मिलिमीटर, आणि जुना सांधा निघाल्यावर उजव्या आर्मच्या भोकाचा ४५.०० मिलिमीटर. म्हणजे वस्तू भोकापेक्षा मोठी आहे. किती? मामांनी माझा एक केस उपटून व्हर्नियरमध्ये धरला. ०.०८ भरला. म्हणजे एका केसाहूनही कमी. तेवढ्या जादा मापामुळे भोकाची कड चहूबाजूंनी ताणली जाते आणि सांध्याला आवळते. हे आवळणे सगळीकडून सारखे असेल तरच सांधा टिकतो. खाली एक स्प्रिंगची कडी असते, तिला सर्क्लिप म्हणतात. पण ती केवळ राखणदार. खरी पकड आवळण्याची.

हे ऐकताना मला आजोबांची बैलगाडी आठवली. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली, की धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवत. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, म्हणजे फुगते. गरम असतानाच चाकावर घालायची आणि पाणी ओतायचे. थंड होताना ती चाकाला अशी आवळते की आरे करकर वाजतात. तत्त्व तेच. फरक इतकाच, की तिथे बाहेरची वस्तू गरम करतात. इथे आर्म तापवला तर नव्या सांध्याचे अस्तर आणि बूट भाजतील. म्हणून आतली वस्तू थंड करायची. मामांनी नवे सांधे रात्रीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले होते. आईने त्याला हरकत घेतली, कारण त्यात फराळाचे खोबरे होते.

थंडीने किती फरक पडतो, हे मी वहीत करून पाहिले. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांतले सुमारे १२ भाग आक्रसते. ४५ मिलिमीटरचा सांधा २५ अंशांवरून उणे १५ अंशांवर नेला, तर ४५ गुणिले ४० गुणिले ०.००००१२, म्हणजे जवळजवळ ०.०२ मिलिमीटर. अडचण ०.०६ ची, त्यातला तिसरा हिस्सा फ्रिजने कमी केला. उरलेले काम स्क्रूचे.

जुना सांधा काढायला वेळ लागला होता. सर्क्लिप काढून रात्रभर डिझेल सोडून ठेवले होते. सांध्याच्या एका बाजूला त्याच्यापेक्षा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा, ज्यात तो उतरेल. दुसऱ्या बाजूला त्याला ढकलणारा तुकडा. आणि दोन्हींना कवेत घेणारी कमान. स्क्रूला ग्रीस लावून अर्धा-अर्धा फेरा द्यायचा. एका ठिकाणी तो अडला. आण्णा घणाकडे निघाले. मामा म्हणाले, "थांबा दाजी, ताण असाच राहू द्या." आम्ही चहा प्यालो. परत येऊन आर्मच्या कडेला हातोडीने एक हलकी टिचकी मारली, तर 'कट्' झाले आणि सांधा सरकला. भोक पॉलिश पेपरने साफ केले, कडेची खर कानसीने उतरवली.

नवा बसवताना दाब फक्त त्याच्या पोलादी कडेवर द्यायचा. बुटावर नाही आणि मधल्या पातळ झाकणावर तर मुळीच नाही. पहिले दोन फेरे सर्वांत महत्त्वाचे. तिथे सांधा तिरपा शिरला तर लगेच थांबायचे, काढायचे, पुन्हा सरळ ठेवायचे. एकदा आम्हाला तसे करावे लागले. दुसऱ्या वेळी तो सरळ गेला आणि त्याचा काठ आर्मला सगळीकडून टेकला. सर्क्लिप बसवली. उजवी बाजू दुपारी झाली आणि आण्णांनी दुसऱ्या दिवशीच्या मालासाठी शेतावर फोन केला.

डाव्या बाजूला चिखल खरवडल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. सांध्याभोवती गंजाची लाल भुकटी होती. सर्क्लिप काढल्यावर प्रेस लावायच्या आधीच सांधा हाताने हलला. व्हर्नियरने भोक एका दिशेने ४५.०४ भरले आणि आडव्या दिशेने ४५.३०. भोक गोल राहिलेच नव्हते. घणाने ठोकताना सांधा तिरपा शिरतो, एका कडेने धातू खरवडतो. पुढच्या ठोक्याने सरळ होताना समोरची कड खरवडतो. त्यानंतर तो ढिलाच असतो, आणि प्रत्येक खड्डा त्या भोकाला आणखी मोठे करतो. इतके दिवस तो सांधा त्या स्प्रिंगच्या कडीच्या आधारावर उभा होता. ६० क्रेट घेऊन आम्ही त्याच्यावर किती वेळा माळशेज उतरलो, ते मी मोजायला लागलो आणि मोजणे सोडून दिले.

नवा सांधा त्या भोकात अर्धाअधिक अंगठ्याने गेला.

आण्णा म्हणाले, "पाहुणे, दोन टाके मारून घेऊ. वेल्डिंगवाला हाकेच्या अंतरावर आहे. हंगाम संपला की आर्म बदलू." यात काही मूर्खपणा नव्हता. असे टाके मारलेल्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ फिरतात. शिवाय दुसऱ्या दिवशीचा माल ठरला होता, भाव चढा होता, आणि नव्या आर्मची किंमत म्हणजे दोन खेपांत डिझेल वजा जाता जे उरते ते सगळे. दुसरा एक उपाय शेजाऱ्यांनी सुचवला: भोकाच्या आत छिन्नीने टोचे मारायचे, म्हणजे धातू वर उचलला जातो आणि सांधा घट्ट जातो.

मामांनी दोन्ही उपायांतली खोट समजावून सांगितली. टोच्यांवर सांधा आठ-दहा टोकांवर उभा राहतो. ती टोके काही दिवसांत चेपतात आणि पुन्हा पहिले पाढे. टाका मारला तर त्याच्या आचेने आतले अस्तर वितळते, ग्रीस जळते, वाटीचा कडकपणा जातो. शिवाय टाक्याच्या शेजारचे पोलाद एकदम तापून एकदम थंड झाल्याने ठिसूळ होते. रोज दणके खाणारा आर्म मग तिथेच तडकतो, आणि तडा रंगाखाली दिसतही नाही.

आण्णांना हे पटत होते आणि पटतही नव्हते. "एकाच खेपेचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. कुणीच बोलेना. आई भांडी घासत होती. तिथूनच ती म्हणाली, "डाव्या बाजूला मी बसते."

आण्णा उठले. दुसऱ्या दिवशीच्या मालासाठी त्यांनी गावातलाच एक टेम्पो भाड्याने सांगितला आणि सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघे पुण्याला आर्म आणायला गेलो. वाटेत ते त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. आळेफाट्याच्या कांदा मार्केटविषयी बोलत राहिले.

नवा आर्म सांध्यासकट मिळाला, त्यामुळे डाव्या बाजूला प्रेसचे काम पडले नाही. आर्मखालचा जॅक हळूहळू उतरवून स्प्रिंग मोकळी केली, जुना आर्म काढला आणि नवा चढवला. नकलचे निमुळते भोक कोरडे पुसून घेतले. तिथे ग्रीस लावत नाहीत, नाहीतर पाचर धरत नाही. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक कंगोऱ्याशी जुळले नाही, तर तो मागे न घेता थोडा पुढेच आवळायचा, हेही इथेच शिकलो. मागे घेतला की दांड्याची बैठक सैल पडते. मग दोन्ही सांध्यांना ग्रीस गनने बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरले, आणि नारायणगावला जाऊन चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. सांधे बदलल्यावर ते केलेच पाहिजे, नाहीतर टायर पुन्हा एका बाजूने खातो. आठवड्याने पहार लावून पुन्हा पाहिले. प्ले नव्हता.

जुना डावा आर्म गोठ्यामागे पडून होता. भंगारवाला आला तेव्हा आण्णांनी तो लगेच दिला नाही. वजनाला जड, दिसायला धडधाकट. कुणीतरी भोक न पाहता तो गाडीला चढवील, असे ते म्हणाले. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन त्यांनी तो भोकातून उभा कापून आणला आणि मगच दोन तुकडे भंगाराच्या काट्यावर टाकले.